हल्ल्यानंतरच्या सकाळी कॉलेज कसं उघडावं

मॅडम, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवता आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं काम तुमच्याकडे आहे. एप्रिल २०२५ मधल्या पहलगामच्या हल्ल्यानंतर मुलांच्या आग्रहाने कॉलेजने संध्याकाळी कॅण्डल मार्च काढला. मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजाराजवळ, घोषणा भलतीकडे वळल्या. दुसऱ्या दिवसापासून बारा-पंधरा मुस्लिम मुलंमुली दिसेनाशी झाली, ती थेट परीक्षेलाच आली. पुढच्या वेळी मार्च काढावा की नाही आणि शांततेसाठी कॉलेजच्या पातळीवर खरोखर काही करता येतं का, असं तुम्ही विचारलंय.

मार्च काढायचा की नाही हा यातला सोपा भाग. अवघड भाग असा की अशा वेळी मुलांना दुःखही झालेलं असतं आणि रागही आलेला असतो. हल्ला करणारे हाताच्या पलीकडे असतात, राग मात्र इथे असतो आणि त्याला जवळचा चेहरा लागतो. तालुक्याच्या कॉलेजात तो चेहरा तिसऱ्या बाकावरच्या मुलाचा असतो. म्हणून पहिल्या तीन दिवसांत कॉलेजने दोनच कामं नीट करायची. गेलेल्यांचा शोक मनापासून करायचा आणि आपल्याच एखाद्या मुलाकडे बोट दाखवलं जाणार नाही याची तजवीज करायची. ही कामं एकमेकांच्या आड येतात असं बऱ्याच सहकाऱ्यांना वाटतं. प्रत्यक्षात शोक जितका नेमका असेल, तितकं बोट दाखवणं अवघड होतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. गेलेल्यांत तुमच्या गावातलं कुणी असेल तर सगळा क्रम बदलतो. तेव्हा कॉलेजचं पहिलं काम त्या घरी जाणं. गावात महिन्याभरापूर्वीच काही तणाव झालेला असेल तर रस्त्यावरचा कोणताही कार्यक्रम टाळलेला बरा, मग मुलं कितीही आग्रह करोत. अकरावी-बारावी त्याच आवारात भरत असेल तर निम्मी मुलं अठरा वर्षांच्या आतली आहेत आणि पालकांना कळवल्याशिवाय त्यांना मिरवणुकीत नेता येत नाही. शेवटचं म्हणजे प्राचार्य आणि संस्थाचालक पाठीशी आहेत का. ते नसतील तर खालच्यापैकी फोन करण्याचं काम तेवढं तुमच्या एकटीच्या हातात राहतं. तेही कमी नाही.

आता पहिली सकाळ. बातमी आदल्या संध्याकाळी आलेली असते आणि रात्रभर मुलांच्या मोबाइलवर सगळं येऊन गेलेलं असतं. कॉलेजचा आवाज सकाळी दहापर्यंत ऐकू आला नाही तर ती जागा दुसरं कुणीतरी भरतं. त्यामुळे प्राचार्यांच्या सहीची सूचना पहिल्या तासाआधी फलकावर आणि प्रत्येक वर्गाच्या ग्रुपवर जायला हवी. मजकूर साधा ठेवावा, साधारण असा:

'पहलगामजवळच्या बैसरन इथे २२ एप्रिल रोजी झालेल्या दहशतवादी हल्ल्यात, आतापर्यंतच्या अधिकृत माहितीनुसार, २६ जणांचा जीव गेला. त्यांत महाराष्ट्रातले सहा जण आहेत. तिथला एक घोडेवालाही आहे. त्यांच्या कुटुंबांच्या दुःखात आपण सगळे सहभागी आहोत. उद्या सकाळी साडेनऊला प्रांगणात श्रद्धांजली सभा होईल. तास नेहमीप्रमाणे होतील. आपल्या कोणत्याही विद्यार्थ्याला धर्मावरून, जातीवरून किंवा गावावरून कुणी टोचून बोललं तर कॉलेज त्याची गंभीर दखल घेईल. अडचण आल्यास पुढील दोन क्रमांकांवर फोन करावा.'

यातले 'आतापर्यंतच्या अधिकृत माहितीनुसार' हे शब्द गाळू नका, कारण पहिल्या दिवशी आकडा बदलत असतो. टोचून बोलण्याविषयीचं वाक्य पहिल्याच सूचनेत हवं. काही घडल्यानंतर तेच वाक्य लिहिलं की ते एका गटावरचा आरोप वाटतं. आधी लिहिलं तर तो सगळ्यांसाठीचा नियम असतो. दोन क्रमांकांपैकी एक शिक्षिकेचा असावा आणि ते दोन्ही फोन रात्री दहापर्यंत उचलले जावेत.

त्याच दिवशी हजेरी बघायची. इथे एक तयार साधन तुमच्याकडे आहे आणि ते कुणी वापरत नाही. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, फाइलसाठी शिक्षक-पालक योजनेच्या याद्या केलेल्या असतात, वीस-पंचवीस मुलांमागे एक शिक्षक. ती यादी काढा. जे नेहमी येतात आणि आज आले नाहीत त्यांना त्याच संध्याकाळी फोन जायला हवा. 'का आला नाहीस' हा प्रश्न विचारायचा नाही; त्यात झडती वाटते. तीन वाक्यं पुरतात: 'आज दिसला नाहीस म्हणून फोन केला. कॉलेजात तास नीट चालू आहेत. उद्या मी साडेआठपासून स्टाफरूममध्ये आहे, आलास की आधी मला भेट.' मुलीचा नंबर म्हणून नोंदवलेला फोन पुष्कळदा वडिलांचा असतो, तेव्हा हेच त्यांना सांगावं आणि वर इतकं जोडावं की 'बसस्टँडपासून कॉलेजपर्यंत तिच्यासोबत दोन मैत्रिणी असतील, मी बघते'. मग त्या दोघींना खरोखर पाठवायचं. तुमच्याकडे त्या बारा-पंधरा मुलांना चौथ्या दिवसापर्यंत एकही फोन गेला नसेल, तर त्यांच्या घरी सगळा निर्णय भीतीनेच घेतला असणार.

काश्मीरचा विद्यार्थी असेल तर त्याला लगेच गावी पाठवून देण्याची घाई करू नये. त्या दिवसांतला रेल्वेचा लांबचा प्रवास वसतिगृहापेक्षा जास्त जोखमीचा ठरू शकतो. त्याला आणि त्याच्या घरच्यांना विचारावं आणि ते सांगतील तसं करावं.

आता श्रद्धांजली सभा. ती संध्याकाळी ठेवू नका. आपल्याकडची निम्मी मुलं एसटीच्या पासवर येतात. सहा-साडेसहाची गाडी चुकली की मुलींची पंचाईत होते, म्हणून संध्याकाळच्या कार्यक्रमाला गावातलीच मुलं उरतात, त्यातही मुलगे, आणि बाहेरची टोळकी सहज मिसळतात. तुमच्या मार्चचं रूप त्या वेळेनेच निम्मं ठरवलं होतं. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो, तेव्हा सकाळी दहाच्या आत, सावलीत, पंधरा ते वीस मिनिटांत सभा संपवायची. त्याहून जास्त वेळ उभं ठेवलं की उपाशीपोटी आलेली मुलं चक्कर येऊन पडतात. पाण्याचे दोन जार आणि बसायला एक सतरंजी मागच्या बाजूला असू द्या.

सभेतला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे नावं. सरकारी यादीवरून प्रत्येकाचं नाव आणि गाव वाचायचं, पदव्या आणि विशेषणं न लावता. एका नावाला पाच सेकंद धरले तर २६ नावांना दोन मिनिटांच्या थोडं वर लागतात. फक्त महाराष्ट्रातली सहा नावं वाचण्याचा मोह होतो, तो आवरावा. सगळी वाचावीत आणि त्यांत घोड्यावरून पर्यटकांना नेणाऱ्या त्या स्थानिक मुस्लिम तरुणाचंही नाव आपोआप येतं. ते वेगळं काढून, त्यावर भाष्य करून वाचायची गरज नसते. इतरांच्या रांगेत ऐकू आलं की मुलांना जे कळायचं ते कळतं. वाचायला चार विद्यार्थी घ्या, दोन मुली, दोन मुलगे, वेगवेगळ्या शाखांचे. आदल्या दिवशी त्यांच्याकडून मोठ्याने दोनदा वाचून घ्या, कारण परप्रांतातल्या नावांचा उच्चार चुकला की मागून हसण्याचा आवाज येतो आणि सगळं विस्कटतं. त्यानंतर दोन मिनिटं स्तब्धता. माइक बंद करायचा आणि एकाने घड्याळ बघायचं. शिपाईमामांनी एक ठोका दिला की सुरू, दुसरा दिला की संपलं. अंदाजाने केलेली दोन मिनिटं चाळीस सेकंदांत संपतात.

कोणत्याही धर्माची प्रार्थना न घेता संविधानाची प्रास्ताविका वाचावी, असं माझं मत आहे. तिच्यात व्यक्तीची प्रतिष्ठा आणि राष्ट्राची एकता व एकात्मता यांचं आश्वासन देणारी बंधुता एकाच ओळीत येते, आणि त्या दिवशी नेमकं तेवढंच म्हणायचं असतं.

प्राचार्यांनी तीन मिनिटं बोलावं, पण गुळमुळीत बोलू नये. बैसरनमध्ये लोकांना धर्म विचारून मारलं गेलं. हे मुलांना माहीत असतं, आणि व्यासपीठावरून ते टाळलं तर पुढचं सगळं भाषण त्यांना खोटं वाटतं. म्हणून ते सरळ म्हणावं. त्याच दमात पुढच्या गोष्टीही सांगाव्यात, कारण त्याही तितक्याच खऱ्या आहेत: दुसऱ्याच दिवशी, २३ एप्रिलला, काश्मीर खोऱ्याने या हल्ल्याच्या निषेधार्थ बंद पाळला, आणि २८ एप्रिलला तिथल्या विधानसभेने विशेष अधिवेशन घेऊन निषेधाचा ठराव केला. दोन्ही बाजू एका वाक्यानंतर दुसरं वाक्य अशा आल्या की मुलं विचार करू लागतात. एकच बाजू आली तर ती गट करू लागतात.

प्रमुख पाहुणा नको. या सल्ल्यावर सगळ्यात जास्त वाद होतो, तरीही नको. पाहुणा आला की हार येतो, स्वागत येतं, वीस मिनिटांचं भाषण येतं आणि त्यात निवडणूक येते. आपल्या भागात एक धोका आणखी आहे. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र टोळ्यांच्या, काळाच्या आठवणी घराघरांत आहेत आणि तापलेल्या सभेत वक्ता हमखास तिथे जातो. मग १९४८ मधला शब्द २०२५ मधल्या एखाद्या अठरा वर्षांच्या पोराला शिवीसारखा चिकटतो. मुलांनी तो इतिहास विचारला तर पूर्ण सांगावा. हैदराबादच्या 'इमरोज' दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी संस्थान भारतात विलीन व्हावं असं लिहिलं, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली, आणि तीही रझाकारांनीच केली. हा तपशील आपल्या मुलांना क्वचितच कुणी सांगितलेला असतो.

आणि एक गोष्ट कधीही करायची नाही: मुस्लिम विद्यार्थ्यांना 'तुमच्या वतीनेही दोन शब्द बोला' म्हणून पुढे करणं. बोलावणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण त्या मुलाला जे कळतं ते असं, की इतर तीनशे जणांचं दुःख गृहीत धरलं जातं आणि माझ्याकडे मात्र दाखला मागितला जातो. स्वतःहून कुणी बोलायला आलं तर अवश्य बोलू द्या, इतरांना देता तितकीच मिनिटं.

मार्च काढायचाच असेल तर तो मूक असावा. घोषणा ठरवून दिल्या तरी तिसऱ्या चौकात त्या बदलतात. मोठ्या समुदायाची मूक शिस्त मराठवाड्याला नवी नाही; ९ ऑगस्ट २०१६ ला औरंगाबादला निघालेल्या मराठा क्रांती मूक मोर्चाने ती सगळ्या राज्याला दाखवली होती. मुली पुढे, घोषणा नाही, ही पद्धत कॉलेजला जशीच्या तशी वापरता येते.

तपशील असे. पोलीस ठाण्यात दोन दिवस आधी लेखी अर्ज द्यावा. त्यात मार्ग, वेळ, अंदाजे संख्या आणि तीन जबाबदार शिक्षकांचे मोबाइल असावेत. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालचा मनाई आदेश लागू आहे का, हे तिथेच विचारून घ्यावं. तो असेल तर परवानगीशिवाय रस्त्यावर जमाव नेता येत नाही. मार्ग एक किलोमीटरपेक्षा लांब नको. कोणत्याही प्रार्थनास्थळासमोरून, मोंढ्यातून किंवा दारूच्या दुकानांच्या रांगेसमोरून नको, आणि शेवट कॉलेजच्या फाटकाच्या आतच व्हावा, चौकात नाही. चौकात संपलेला मार्च संपत नाही, तिथे कुणीतरी ओट्यावर चढतंच. तीनशे जण तीन-तीनच्या ओळीत चालले तर रांग सव्वाशे मीटरच्या आसपास भरते. दर दहा ओळींमागे ओळखपत्र लावलेला एक स्वयंसेवक, सगळ्यात पुढे आणि सगळ्यात मागे शिक्षक. फलक कॉलेजनेच तयार करायचे, पाच-सहा पुरेत; घरून आणलेले फलक फाटकातच बाजूला ठेवायचे. मेणबत्त्यांची भलती हौस असते, पण वाऱ्यात त्या विझतात, मुलं एकमेकांच्या मेणबत्तीवरून पेटवायला वळतात, रांग मोडते आणि पॉलिस्टरच्या ओढणीला ठिणगी लागते. त्यापेक्षा कॉलेजच्या पायऱ्यांवर जितकी माणसं गेली तितक्या पणत्या ठेवाव्यात, २६ तर २६. लांबून येणाऱ्या मुलींनाही त्या सकाळी लावता येतात. लाउडस्पीकरचीही गरज नाही. शिक्षणसंस्थांभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो, हे आपल्याच कॉलेजात विसरलं जातं.

व्हॉट्सॲपवर आता जरा थांबतो, कारण तुमच्याकडेही घोषणांची तयारी आदल्या रात्री ग्रुपवरच झाली असणार. वर्गाचे जे ग्रुप शिक्षक चालवतात, ते तीन दिवस 'फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील' या सेटिंगवर ठेवा आणि का ठेवले ते एका ओळीत सांगा. मुलांचे स्वतःचे ग्रुप तुमच्या हातात नसतात. तिथे वर्गप्रतिनिधींना एकच सवय लावता येते. संदेशावर दुहेरी बाण दिसला की तो बऱ्याच वेळा पुढे ढकललेला आहे, तो तिथेच थांबवायचा. फोटो किंवा व्हिडिओची शंका आली तर तो फोटो किंवा व्हिडिओचा स्क्रीनशॉट गूगल लेन्समध्ये टाकून तो आधी कुठे आला होता ते बघायचं, दोन मिनिटं लागतात. पहलगामच्या वेळचं उदाहरण मुलांना दाखवण्यासारखं आहे. मारल्या गेलेल्या नौदल अधिकाऱ्याचा पत्नीसोबतचा शेवटचा व्हिडिओ म्हणून जो देशभर फिरला, तो भलत्याच जोडप्याचा होता, आणि आम्ही जिवंत आहोत असं त्या दोघांना स्वतः पुढे येऊन सांगावं लागलं. रडत रडत तो पुढे पाठवणाऱ्या मुलांचा हेतू वाईट नव्हता. म्हणूनच हे उदाहरण चांगलं. कुणालाच अपराधी न ठरवता ते शिकवता येतं.

ग्रुपमध्ये कुणी भडक लिहिलं तर ॲडमिन म्हणून आपण अडकू या भीतीने काही शिक्षक ग्रुपच सोडून देतात. त्याची गरज नाही. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी, त्यात समान हेतू नसेल तर, केवळ ॲडमिन असल्यामुळे कुणी गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. शिक्षक ग्रुपमध्ये असणं हाच मोठा अटकाव असतो.

एखाद्या विद्यार्थ्याने आक्षेपार्ह स्टेटस टाकलं, मग ते एका समाजाविरुद्ध असो की हल्ल्याचं समर्थन करणारं, तर क्रम सारखाच. स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा, मुलाला एकट्याला बोलवा, फोन हिसकावू नका. आधी ऐका. मजकूर काढायला सांगा आणि पालकांना त्याच दिवशी बोलवा. मत कितीही वाईट वाटलं तरी मत आणि धमकी यांत फरक आहे. धमकी, मारहाणीची चिथावणी किंवा दोन समाजांत वैर पसरवणारा मजकूर असेल तर तो पोलिसांचा विषय आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ तिथे लागतं. पण कॅमेऱ्यापुढे गुडघे टेकून माफी मागायला लावणाऱ्या जमावाच्या हाती मूल कधीही द्यायचं नाही, ते कोणत्याही बाजूचं असो. तो व्हिडिओ आयुष्यभर फिरतो आणि पुढच्या सूडाचं बी होतो.

घाईने काढून टाकणंही अंगाशी येतं. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजने समाजमाध्यमावरच्या पोस्टबद्दल एका १९ वर्षांच्या विद्यार्थिनीला निष्कासित केलं. पोस्ट तिने दोन तासांत काढली होती आणि माफीही मागितली होती, तरी तिला अटक झाली. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिची सुटका करायला सांगितली, आणि बाजू न ऐकताच काढलेला कॉलेजचा आदेश थांबवला, जेणेकरून तिला परीक्षा देता यावी. लेखी नोटीस, उत्तराला मुदत, समितीपुढे म्हणणं आणि मग निर्णय, हा क्रम चुकवू नये.

उलट बाजूने, मुलाला धर्मावरून वाळीत टाकलं जात असेल तर तुमच्याकडे हत्यार आहे आणि बहुतेक कॉलेजांना ते ठाऊक नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ मध्ये दुरुस्ती केली. धर्म, जात, प्रदेश, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेला शारीरिक किंवा मानसिक छळ, त्यात वगळणंही आलं, हे सगळं रॅगिंगमध्ये धरलं जातं, मग ज्याला त्रास झाला तो नवा असो की जुना. म्हणजे नवी समिती नेमायची गरज नाही, रॅगिंगविरोधी समितीच ते बघेल. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, ती फलकावर असतेच.

इथवरचं दोन ओळींत: पहिल्या सकाळी सूचना, त्याच संध्याकाळी फोन, दुसऱ्या सकाळी नावं आणि स्तब्धता, मार्च काढला तर मूक आणि फाटकाच्या आत संपणारा. पाहुणा नाही आणि कुणाकडूनही दाखला नाही.

आता 'काहीतरी करायला हवं' या ओढीबद्दल. मुलं लगेच रक्तदान शिबिर आणि मदतनिधी म्हणतात. ओढ चांगली आहे, तिला थोपवू नका, पण वळवा. रक्त ३५ ते ४२ दिवस टिकतं, प्लेटलेट्स पाचच दिवस. हल्ला दोन हजार किलोमीटरवर झाला असेल तर एका दिवशी शंभर पिशव्या घेऊन तिथे काही पोहोचत नाही. उलट दिलेल्या मुलांना पुरुष असतील तर तीन आणि मुली असतील तर चार महिने पुन्हा देता येत नाही, आणि आपल्याकडे उन्हाळी सुट्टीत, कॉलेजं बंद असताना, रक्तपेढ्यांना चणचण भासते. म्हणून त्या दिवशी फक्त नावं नोंदवा: वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो, रक्तगट, गाव. मग रक्तपेढीशी बोलून वीस-वीस जणांचे गट पुढच्या महिन्यांवर पसरवा. मुलींमध्ये हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली असल्याने परत पाठवण्याचं प्रमाण बरंच असतं, तेव्हा त्यांना आधीच सांगा की हा नकार नाही, तपासणी आहे, आणि तिथून पुढे लोहाच्या गोळ्यांची सोय लावा.

त्या नौदल अधिकाऱ्याच्या कुटुंबाने त्याच्या वाढदिवशी, १ मे रोजी, हरियाणातल्या कर्नालला रक्तदान शिबिर घेतलं. तिथे त्याच्या पत्नीने सांगितलं की लोकांनी मुस्लिमांच्या किंवा काश्मिरींच्या विरोधात जावं असं आम्हाला वाटत नाही, आम्हाला शांतता हवी आणि न्याय हवा. त्यावरून तिच्यावर समाजमाध्यमांत इतकी घाण टाकली गेली की राष्ट्रीय महिला आयोगाला त्याविरुद्ध बोलावं लागलं. ज्या मुलांना 'शांतता म्हणजे कमजोरी' वाटते त्यांच्याशी बोलताना मला यापेक्षा योग्य सुरुवात माहीत नाही. जिचं सगळं गेलं तिने एकाच वाक्यात न्यायही मागितला आणि शेजाऱ्याला वाचवलंही.

पैशांचं मात्र स्वतः गोळा करायचं टाळा. नोंदणीकृत न्यास नसताना वर्गणी जमवायची तर गणेश मंडळांप्रमाणेच धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी लागते, आणि डब्याचा हिशेब पुढे वर्षभर पुरतो. मुख्यमंत्री सहायता निधीला ज्याने त्याने थेट ऑनलाइन द्यावं. ग्रुपवर आलेल्या क्यूआर कोडवर कुणीही पैसे टाकू नयेत.

काही मुलं या सगळ्यात गप्प होतात. त्यांना गोल करून बसवून 'तुला काय वाटलं ते सांगच' असं करू नका. आघातानंतर जबरदस्तीने बोलतं केल्याने फायदा होत नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही ती पद्धत सुचवत नाही. बघा, ऐका आणि योग्य ठिकाणी जोडून द्या, एवढंच. झोप न लागणं, दचकणं, व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघणं हे पहिले काही दिवस बऱ्याच जणांना होतं. महिनाभराने तेच चालू असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही चालतो आणि मोफत आहे. तो सूचनेच्या खाली छापा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, शांततेसाठी खरंच काही करता येतं का. येतं, पण ते हल्ल्यानंतरच्या आठवड्यात होत नाही. त्या आठवड्यात फक्त आधी साठवलेलं वापरता येतं. व्याख्यानं आणि निबंध स्पर्धा यांच्यावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. वेगवेगळ्या घरांतली मुलं बरोबरीच्या नात्याने, एकाच कामाला, बराच वेळ जुंपली गेली आणि ते काम एकमेकांशिवाय होणार नसेल, तर जे घट्ट होतं ते अफवेला बऱ्यापैकी टिकतं. असं काम तुमच्या हातात आयतं आहे: राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं विशेष शिबिर. तिथे फक्त गट कसे करता हे बदला. मित्रांचे गट होऊ देऊ नका. चिठ्ठ्या टाका, आठ-दहा जणांचा गट, राहणं, स्वयंपाक आणि श्रमदान तिन्हींसाठी तोच, सातही दिवस. रोज गट बदलले तर ओळख होते, मैत्री होत नाही. स्वयंपाक सगळ्यांनी खावा असा साधा, पिठलं-भाकरी, वरण-भात. श्रमदानाला असं काम घ्या जे सातव्या दिवशी डोळ्यांना दिसेल, वनराई बंधारा किंवा शाळेची भिंत. तारखा ठरवताना रमजान बघून घ्या. ते विसरलं की काही मुलं आपोआप गळतात आणि यादीत त्याचं कारण कुठेच दिसत नाही.

दिनदर्शिकेतल्या तारखांचं सांगायचं तर, २१ मे हा दहशतवादविरोधी दिवस आपल्याकडे सुट्टीत जातो, शपथ कार्यालयात कर्मचारी घेतात आणि मुलांना पत्ताही नसतो. त्याऐवजी २१ ऑगस्ट धरा. संयुक्त राष्ट्रांनी तो दहशतवादाच्या बळींच्या स्मरणाचा दिवस ठरवला आहे आणि तेव्हा वर्ग भरलेले असतात. २६ नोव्हेंबरला बहुतेक कॉलेजं सकाळी संविधान दिन आणि संध्याकाळी मुंबई हल्ल्याची श्रद्धांजली असे दोन तुटक कार्यक्रम घेतात. ते एकच करा: २००८ च्या हल्ल्यात गेलेल्या १६६ जणांच्या स्मरणार्थ स्तब्धता आणि लगेच प्रास्ताविका. दहा मिनिटं लागतात. दरवर्षी घेतलं तर तिसऱ्या वर्षाच्या मुलांना शोकसभेची शिस्त पाठ असते, आणि अचानक गरज पडली तर नावं कोण वाचणार हे शोधावं लागत नाही.

राहिली ती बारा-पंधरा मुलं. निकाल लागलेत, प्रवेश सुरू आहेत, म्हणजे अजून वेळ गेलेली नाही. त्यांची यादी करा आणि कुणाचा प्रवेश अर्ज आलेला नाही ते कार्यालयातून बघा. ज्यांचा आला नसेल त्यांच्या घरी जा, शक्यतो त्यांच्या विषयाच्या शिक्षकांसोबत आणि प्राचार्यांना घेऊन. खुलासा मागू नका, खुलासा द्या: त्या संध्याकाळी घोषणा थांबवायला आम्ही पुढे यायला हवं होतं, आलो नाही, ही कॉलेजची चूक आहे. हे वाक्य प्राचार्यांच्या तोंडून यायला हवं, तुमच्या नाही. मग प्रवेशाची शेवटची तारीख, लागणारी कागदपत्रं आणि शिष्यवृत्तीचा अर्ज कधी भरायचा ते सांगा, कारण आईवडिलांना खरा निर्णय त्यावरच घ्यायचा असतो. घोषणा देणाऱ्यांतली जी दोन-तीन मुलं तुमच्या योजनेत आहेत, त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोला, आणि पहिल्या आठवड्यात नव्या मुलांना कॉलेज दाखवण्याचं काम ठरवाल तेव्हा चिठ्ठ्या टाकून या मुलांच्या त्या बारा-पंधरा जणांसोबत जोड्या लावा. ऐनवेळी कुणी 'मला हा जोडीदार नको' म्हटलं तर त्या मुलाला गैरहजर धरू नका, पण जोडीही बदलू नका; दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळेला दोघांना बोलवा.